अंबडला परतताना

भारतीय पासपोर्ट नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापला जातो. त्यामुळे दुबईत, स्टुटगार्टमध्ये किंवा टोरांटोत राहणाऱ्या भारतीयाजवळ नाशिकचा एक ऐवज असतोच, त्याने नाशिक कधी पाहिलेले असो वा नसो. पण ज्याचे घरच नाशिकच्या अंबडमध्ये आहे, जो वर्षभराच्या कामासाठी बाहेर गेला आणि आता परतीच्या तयारीला लागला आहे, त्याचा विचार आपण क्वचितच करतो. परतण्याविषयी मराठीत जे बोलले जाते ते बहुधा नदीकाठच्या गावाला, घाटावरच्या देवळाला, अंगणातल्या झाडाला उद्देशून असते. नाशिकमध्येही ओढ म्हटली की गोदाघाट, पंचवटी डोळ्यांपुढे येते. अंबड कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. तिथे पत्र्याच्या शेड आहेत, कंपन्यांची गेटे आहेत, अवजड ट्रकांच्या रांगा आहेत. म्हणूनच परतणे म्हणजे नेमके काय हे पारखायला अंबड मला योग्य जागा वाटते. रम्य आठवणींचा आधार काढून घेतला तर उरते ते काम, आणि ते काम ओळखणारी माणसे. आणि तसे असेल तर परतीची तयारी ही एकट्या परतणाऱ्याची जबाबदारी राहत नाही. ती त्याच्या गावालाही करावी लागते.

अंबड मुळात मळ्यांचे गाव. औद्योगिक वसाहतीसाठी आणि सिडकोच्या घरांसाठी इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि एका पिढीच्या आत शिवाराचे कारखान्यांत व कॉलन्यांत रूपांतर झाले. आज पाथर्डी फाट्यापासून त्रिमूर्ती चौकापर्यंत, चुंचाळ्यापासून उत्तमनगरपर्यंत जी माणसे राहतात त्यांतली बरीच कुठून तरी आलेली आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेल्यांची संख्या एवढी मोठी की सिडकोच्या गल्ल्यांत अहिराणी सहज कानावर पडते, आणि श्रावणात कानबाईची स्थापना खानदेशातल्या गावासारखीच इथेही होते. त्यानंतर उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेला कामगार वसाहतीला धरून राहू लागला. इथली लय भोंग्याची आणि शिफ्टची आहे. पहिली शिफ्ट सुटते तेव्हा गरवारे पॉइंटवर कंपन्यांच्या बस आणि दुचाक्या एकमेकांत अडकतात, कपड्यांना कुलंटचा वास असतो, डब्याच्या पिशव्या हँडलला लटकत असतात, आणि या सगळ्याच्या मागे पांडवलेण्यांचा डोंगर उभा असतो. इथे परतणारा माणूस पूर्वजांच्या भूमीत परतत नाही. त्याचे आईवडीलच इथे पाहुणे म्हणून आले होते आणि कामामुळे इथले झाले. म्हणून अंबडच्या बाबतीत घराची व्याख्या आपोआप बदलते. ज्या जागेला आपल्या हातच्या कामाची गरज आहे ते घर, एवढीच व्याख्या इथे टिकते.

एक वर्ष हा अवधी विचित्र आहे. महिन्याभरासाठी गेलेला माणूस पाहुणाच राहतो आणि दहा वर्षे राहिलेला तिकडचा होऊन जातो. वर्षभर राहिलेल्याने तिथले सगळे ऋतू एकदा पाहिलेले असतात. जर्मनीत असेल तर ऑक्टोबरअखेर घड्याळ मागे घेताना आणि मार्चअखेर पुन्हा पुढे करताना त्याने पाहिलेले असते, दुपारी साडेचारला पडणाऱ्या अंधाराची सवय होऊन ती मोडलीही असते. इकडची एक दिवाळी, एक गणपती, एक आखाजी चुकलेली असते. परतायचे ठरले की कागदपत्रांची तयारी सुरू होते: घराचा करार संपवणे, डिपॉझिट सोडवणे, नगरपालिकेतली पत्त्याची नोंद रद्द करणे, बँकेचे खाते बंद करणे, सामानाचे वजन तेवीस किलोंत बसवणे. या सगळ्याच्या याद्या तयार मिळतात. पण वर्षभरात जे शिकलो ते कसे न्यायचे, याची यादी कोणाकडे नसते. बिघाड झाला की आधी दोषी कोण हे न शोधता बिघाडाची नोंद कशी करायची, ड्रॉइंगवरचा प्रत्येक मायक्रॉन गंभीरपणे कसा घ्यायचा, सुरक्षेचा बूट पर्यवेक्षक नसतानाही का घालायचा, रविवारी खरोखर विश्रांती कशी घ्यायची, अशा गोष्टी बॅगेत भरता येत नाहीत. त्या गावात उतरवून घ्याव्या लागतात, आणि उतरवून घेणारा समोर नसेल तर सहा महिन्यांत विरून जातात.

यावर पहिला आक्षेप असा की वर्षभरात माणूस शिकतो तरी काय? जे शिकायचे त्याला आयुष्य लागते. या आक्षेपाचे उत्तर अंबडच्या शेजारीच आहे. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी, महामार्गालगत दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले फाळके १९०९ मध्ये छपाईची यंत्रे घेण्यासाठी जर्मनीला गेले होते. पुढे १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले आणि एप्रिलच्या आरंभी परत मुंबईत होते. दोन महिन्यांत त्यांनी सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत चित्रपट कसा तयार होतो ते पाहिले, विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र घेतले. परतल्यावर पैसे उभे करण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचा अंकुर वाढताना रोज थोडा थोडा टिपून एक छोटा चित्रपट केला. भांडवल देणाऱ्याला शब्दांनी पटणार नाही, डोळ्यांनी पटेल, हे त्यांनी ओळखले होते. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. त्याच वर्षी त्यांनी आपला सारा व्याप नाशिकला हलवला. फाळके असामान्य होते, त्यांचा दाखला सामान्य फिटरला कसा लावायचा, असे कोणी म्हणेल. मला त्यांच्या प्रतिभेपेक्षा त्यांच्या घराची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोके पाडायला शिकल्या, रसायने मिसळायला शिकल्या, फिल्म धुण्याच्या कामात उभ्या राहिल्या आणि चित्रपटासाठी राबणाऱ्या माणसांचे जेवणही रांधत राहिल्या. कॅमेरा लंडनहून आला, पण तो चालला तो या घराने स्वतःला त्याच्यासाठी तयार केले म्हणून. १९१४ मध्ये लंडनमध्ये फाळक्यांचे चित्रपट दाखवले गेले, तिथेच राहून काम करण्याचा प्रस्ताव आला, तो नाकारून ते नाशिकला परतले. परतून यायला त्यांच्याजवळ नुसती माती नव्हती, चालते काम होते आणि ते जाणणारी माणसे होती.

याच फाळक्यांची शेवटची वर्षे नाशिकमध्ये आर्थिक ओढगस्तीत आणि विस्मृतीत गेली, १६ फेब्रुवारी १९४४ रोजी ते इथेच वारले, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. त्यांना परत घेणाऱ्या समाजाने त्यांना पुढे सांभाळले नाही. स्मारक नंतर झाले. आपल्याकडे परतणाऱ्याचे स्वागत बहुतेकदा असेच, फार उशिरा आणि दगडात होते.

आणि काहींचे स्वागत झालेच नाही. भीमराव आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये अमेरिकेला गेले, कोलंबिया विद्यापीठात आणि पुढे लंडनमध्ये शिकले, आणि करारानुसार नोकरी करण्यासाठी १९१७ च्या सप्टेंबरमध्ये बडोद्यात दाखल झाले. त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव लपवून काढलेल्या मुक्कामातून लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना अकराव्या दिवशी बाहेर काढले. जगातल्या उत्तम विद्यापीठात शिकलेल्या माणसाने आपल्या बाजूची तयारी पुरी केली होती. तयार नव्हते ते बडोदे. परतणाऱ्याने अहंकार सोडावा, जुळवून घ्यावे, असा उपदेश आपण सहज करतो. बडोद्यातल्या त्या अकरा दिवसांपुढे तो उपदेश टिकत नाही. नाशिकही यातून सुटलेले नाही. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारात दलितांच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि वर्षानुवर्षे चालूनही ते दार तेव्हा उघडले नाही. ज्याला आपल्याच गावात कधी आत घेतले गेले नाही, त्याने परदेशातून ‘घरी’ परतावे अशी अपेक्षा करण्याचा अधिकार गावाला कुठून मिळतो? अंबडचे मला मोल वाटते त्याचे एक कारण इथे आहे. नव्या वसाहतीत, कंपनीच्या लाइनवर आणि सिडकोच्या घरांत माणसे शेजारी शेजारी आली ती जुन्या गावकुसाच्या आखणीबाहेर. जात तिथेही पोचली, भाड्याच्या घराच्या चौकशीत ती आजही डोकावते. तरीही परतणाऱ्याला ओळख नव्याने मिळवण्याची संधी जुन्या गावापेक्षा अंबडमध्ये जास्त आहे.

बाहेरून येणाऱ्याला सामावून घेण्याची ही रीत या डोंगराला नवी नाही. पांडवलेण्यांतले सतरावे लेणे कोरवले ते इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने. शिलालेखात तो स्वतःला उत्तरेकडचा, दत्तामित्रीचा रहिवासी, धर्मदेवाचा पुत्र म्हणवतो आणि आईवडिलांच्या पुण्यासाठी, मुलासह हे लेणे भिक्षुसंघाला देतो. आपण कुठले हे त्याने लपवले नाही आणि लेणे मात्र इथे कोरवले. जवळच्याच दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने तीन हजार कार्षापणे गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेव म्हणून दिली, दोन हजार एका श्रेणीकडे आणि एक हजार दुसरीकडे, आणि त्यांच्या व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांची सोय लावली. पुढच्या काळातली शक उपासिका विष्णुदत्ता हिने आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी कुंभार, तेली आणि पाण्याची यंत्रे बनवणाऱ्या कारागिरांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्या. यंत्रकारांची संघटना या परिसरात तेव्हाही होती! मला या लेखांत धर्माइतकीच व्यवस्था दिसते. परका माणूस जे घेऊन आला ते हाती घेऊन कामाला लावील अशी संस्था गावात तयार होती, म्हणून त्याचे धन इथे रुजले. आज वर्षभर बाहेर राहून आलेला अंबडचा माणूस जी बचत आणतो तिला फ्लॅट आणि प्लॉट यांखेरीज वाट दिसत नाही, आणि जे ज्ञान आणतो ते ठेवून घेणारी श्रेणी तर कुठेच नाही. तो जुन्याच मशीनवर, जुन्याच पर्यवेक्षकाच्या हाताखाली रुजू होतो. त्याने काही सुचवले की “तुमचं फॉरेन तिकडं ठेवा” असे ऐकावे लागते, आणि तो पुन्हा व्हिसाची माहिती काढू लागतो.

सर्वांत वजनदार आक्षेप असा की मुळात परतायचेच कशाला? तिकडे पगार जास्त, हवा स्वच्छ, काम संपले की वेळ आपला. अंबडच्या रस्त्यांवर पावसाळ्यात खड्डे, वीज केव्हा ट्रिप होईल याचा भरवसा नाही, छोट्या कारखानदाराचे बिल महिनोन्महिने अडकलेले. हे सगळे खरे आहे आणि जो तिकडेच राहील त्याला मी दोष देणार नाही. बाहेर जाण्याची दारेही आता मोठी होत आहेत. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीची वार्षिक व्हिसा मर्यादा २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचे जाहीर केले. त्या राज्याची राजधानी स्टुटगार्ट हे बॉशचे गाव, आणि त्याच बॉशच्या सातपूरच्या कारखान्याला नाशिककर अजून मायको म्हणतात, त्र्यंबक रस्त्यावरचे सर्कलही त्याच नावाने ओळखतात. म्हणजे तिकडची यंत्रे इकडे आली त्याला पन्नासएक वर्षे झाली, आता इकडची माणसे तिकडे निघाली आहेत. जाण्याची तयारी करून देणारे भाषावर्ग, प्रशिक्षण, करार, सारे उभे राहत आहे. परत येणाऱ्यासाठी तशी व्यवस्था दिसत नाही. परतीची व्यवस्था आधीच उभी करावी लागते हे पंडिता रमाबाईंनी शंभरावर वर्षांपूर्वी ओळखले होते. अमेरिकेत असतानाच १८८७ मध्ये त्यांच्या कामासाठी बोस्टनमध्ये मंडळ स्थापन झाले, त्याने दहा वर्षे अर्थसाहाय्य देण्याचे मान्य केले, आणि १८८९ च्या मार्चमध्ये, परतल्यावर थोड्याच काळात, मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले. एकट्या बाईने परतीआधी जे उभे केले ते एवढ्या मोठ्या औद्योगिक शहराला जमू नये, हे मला पटत नाही.

म्हणून माझी विनंती परतणाऱ्याला नाही. त्याने आपले सामान बांधलेले आहे. विनंती आयमा आणि निमा या उद्योजकांच्या संघटनांना आहे, आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या प्राचार्यांना आहे. बाहेर राहून आलेल्या कामगारांची आणि इंजिनिअरांची नोंद ठेवा, त्यांना रुजू होताच शिकवायला उभे करा, त्यांच्याकडून एखादा प्रयोग करून घेण्यासाठी एक मशीन आणि थोडा पैसा बाजूला काढा. आणि विनंती अंबडमधल्या त्या घरांना आहे, जिथे येत्या महिन्यांत कोणी परत येणार आहे. पहिल्या दिवशी त्याला पगार विचारू नका, काय आणले तेही विचारू नका. तिकडे कोणते काम शिकलास, ते विचारा.