होय महाराजा

कोकणात गळ्यात माळ घालणं ही देशावरच्यापेक्षा वेगळी गोष्ट आहे. देशावरच्या बऱ्याच घरांत मटण आठवड्यातून एखाद्या वारी शिजतं. तेवढा वार निभावला की माळकरी मोकळा. आमच्याकडे मासळी रोजची. आमचं सावर्डे समुद्रापासून बरंच आत, सह्याद्रीकडे सरकलेलं गाव. तरीही सकाळी मासळीचा टेम्पो भोंगा वाजवत वाडीत शिरला की बायका टोपल्या, पातेली घेऊन बाहेर येतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तेव्हा सुकट, सोडे, खारे बांगडे माळ्यावरच्या डब्यांतून खाली उतरतात. बाहेर पाऊस कोसळतोय, आत निखाऱ्यावर बोंबील भाजला जातोय आणि ओटीवर टाळ घेऊन हरिपाठाला बसायचंय, हा आमच्याकडच्या वारकऱ्याचा आषाढ.

मी माळ घातली ती स्वतःच्या मनानं. घरात दुसऱ्या कुणी घातली नाही आणि घालावी असा आग्रहही मी धरला नाही. पण तुळशीचे मणी माझ्या गळ्यात आले त्या दिवसापासून त्यांचं निम्मं ओझं आमच्या हिच्यावर पडलं. माझं भांडं वेगळं, पळी वेगळी, माझी आमटी आधी काढून ठेवायची, मग बाकीच्यांचं कालवण. एकादशीला माझ्यासाठी वऱ्याचे तांदूळ, मुलांसाठी भाकरी. नेम माझा आणि राबणं तिचं. संतांची चरित्रं वाचताना आता माझं लक्ष नकळत चुलीपाशी जातं. दारी आलेल्या अतिथीला रात्री-अपरात्री वाढायला कोण उठलं असेल? पैठणला नाथांच्या घरी रोज किती पानं पडत असतील, आणि गिरिजाबाईंच्या हातांना विसावा कधी मिळत असेल?

भाद्रपदात गौरी येतात तेव्हा गुंता आणखी वाढतो. इकडच्या पुष्कळ घरांत गौरीला तिखटाचा, म्हणजे मटण-मासळीचा, नैवेद्य लागतो. ज्या ताटापुढे मी हात जोडतो, त्या ताटातला घास मला चालत नाही. सुरुवातीला याचा मला त्रास व्हायचा. देवीला जे आवडीनं वाढतात ते मला वर्ज्य कसं? पुढे उलगडत गेलं की मासळीत वाईट असं काही नाही. ती आमच्या आजोळची, आईच्या हातची, पोट भरणारी आणि भांडणं मिटवणारी गोष्ट आहे. मी फक्त पंढरीच्या विठोबाला एक शब्द दिलाय. अन्नाला नावं ठेवल्याशिवाय तो शब्द पाळता येतो, हे मला गौरीच्या त्या ताटानं शिकवलं.

तरी चव जात नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात हे स्पष्ट सांगितलंय: जो आहार सोडतो त्याच्यापासून विषय दूर होतात, पण रस मागे उरतो. तिथं ज्ञानदेवांनी झाडाचा दाखला दिलाय. वरवरची पालवी खुडायची आणि मुळाला पाणी घालत राहायचं, मग झाड मरणार कसं? सावर्ड्याच्या माणसाला हे वेगळं समजावून द्यावं लागत नाही. आमचा गाव काताचा. खैराचा तांबडा गाभा तासून त्याचे तुकडे उकळायचे, तो काढा आटवायचा आणि निववायचा, हा इथला जुना धंदा. खैर तोडला तरी बुंधा राहिला तर पावसाळ्यानंतर त्याला फुटवे येतात, काट्यांसकट. मी मासळी सोडली त्या वर्षी माझी जीभ गोडावर गेली. गोड आवरलं तर चहा वाढला. बुंधा तोच होता, फुटवा दुसऱ्या बाजूनं आला.

मासळीचं एक बरं आहे, तिची हद्द डोळ्यांना दिसते. ती ताटात आहे किंवा नाही. माळ घातलेल्या माणसानं काय खाल्लं हे साऱ्या वाडीला कळतं आणि वाडी त्याला सांभाळूनही घेते. जमिनीच्या ओढीला अशी हद्द नाही. आमच्या गावातून मुंबई-गोवा महामार्ग जातो. तो चौपदरी करायचं ठरलं आणि रस्त्यालगतच्या जमिनींची मोजणी सुरू झाली, तेव्हा ज्या वरकस जागेत गुरंही फारशी चरत नसत तिच्यासाठी माणसं रात्र-रात्र जागायला लागली. कोकणातला सातबारा म्हणजे सामायिक नावांची रांग: मुंबईला गिरणीत गेलेले आजोबांचे भाऊ, त्यांची मुलं, लग्न होऊन गेलेल्या आत्या, कधीच न पाहिलेले नातू. सगळे एका तुकड्यावर. मोबदल्याची नोटीस आली की वर्षानुवर्षं गणपतीलाही न आलेले हिस्सेदार पहिल्या गाडीनं सावर्डा स्टेशनात उतरतात. त्यांचं चुकतं असं मला म्हणायचं नाही, जमीन त्यांचीही आहे. पण त्या दिवसांत हरिपाठ म्हणताना माझं तोंड अभंगावर आणि चित्त रस्त्याकडेच्या एका पट्टीवर असायचं. माळ गळ्यात तशीच होती. बांगडा दिसला तर ती मला अडवते. जमिनीच्या वेळी मात्र गप्प बसली.

तुकोबांचं नाव घ्यायला आपली लायकी नाही, तरी अशा वेळी तेच आठवतात. घरची महाजनकी, सावकारी. १६३० च्या सुमाराला मोठा दुष्काळ पडला. पहिली बायको त्यात अन्नावाचून गेली, मुलगा गेला, धंदा बसला. पुढे त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आलोय, पण तिच्यातला एक बारकावा फार उशिरा माझ्या मनात उतरला. परंपरा सांगते की त्यांनी आधी कागदांची वाटणी केली. निम्मी खतं धाकट्या भावाला, कान्होबाला दिली. बुडवली ती आपल्या वाट्याची. भावाच्या प्रपंचाचा निर्णय त्यांनी स्वतःच्या वैराग्याच्या भरात घेतला नाही. त्यांच्या वैराग्याएवढाच मला त्या वाटणीचा आदर वाटतो. इतकं तुटलेलं मन आणि तरी हिशेब एवढा स्वच्छ! माझ्या वाट्याचं मी काहीही करीन, तुझ्या वाट्याला मी हात लावणार नाही. आवेशात माणूस हे विसरतो, मग ते देवाचं वेड असो की पैशाचं.

जमिनीपेक्षा अवघड गोष्ट तर देवळातच बसलेली असते. मान. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी निघते. सावर्ड्याचा शिमगा आगळा. केदारनाथाच्या या गावात होल्टे होम असतो, पेटती लाकडं एकमेकांवर फेकली जातात आणि बघणाऱ्याच्या अंगावर काटा उभा राहतो. पण कोकणात कुठंही जा, खरी आग पेटते ती पालखीला पहिला खांदा कुणाचा यावरून. पहिला नारळ कुणाचा, पालखी आधी कुणाच्या खळ्यात नाचणार, सहाणेवर कोण पुढे बसणार. यावरून गावं वर्षानुवर्षं दुभंगून राहिलीत, पालख्या कुलपात राहिल्यात. जे पैशाला भुलत नाहीत, ज्यांनी पानसुद्धा तोंडात धरलं नाही, अशी सज्जन माणसं मानासाठी हट्टाला पेटलेली मी पाहिली आहेत. खांद्यावर देव, आणि डोळे मात्र आपल्याला कोण बघतंय हे शोधणारे.

यातून नामदेवही सुटले नव्हते. विठ्ठल ज्यांच्याशी बोलतो, जेवतो, असे ते लाडके भक्त. तेरच्या गोरोबाकाकांनी संतमेळ्यात प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणं मारून कोणतं मडकं पक्कं नि कोणतं कच्चं ते तपासलं. बाकीचे गप्प राहिले, नामदेव रागावले आणि कच्चे ठरले. ही आख्यायिका ज्यांनी जपली ते वारकरीच होते, नामदेवांवर जीव टाकणारे. त्यांना ती लपवता आली असती. लपवली नाही, कीर्तनात रंगवून सांगितली. पुढे नामदेव औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले हेही सांगितलं. मला या परंपरेचा विश्वास वाटतो तो यासाठी. ती आपल्या सर्वांत लाडक्या माणसाचं कच्चेपण चारचौघांत मांडते, आणि त्यामुळे त्याच्यावरची माया तसूभर कमी होत नाही.

साधनेचीसुद्धा हाव सुटते. समर्थांनी टाकळीला तेरा कोटी रामनाम केलं असं सांगतात. ते ऐकून आपणही आकडे धरतो. आज किती माळा झाल्या, शेजाऱ्याच्या किती झाल्या. पूर्वी ती मोजदाद भिंतीवर खडूनं व्हायची, आता बोटातल्या यंत्रावर होते. आमच्याच जिल्ह्यात पावसला स्वामी स्वरूपानंद होऊन गेले, १९०३ ते १९७४. तरुणपणी स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगात गेलेले, नंतर मोठ्या आजारातून उठलेले, आणि मग चाळीसेक वर्षं पावसच्या एका घरातच राहिलेले. नोकरदार, शेतकरी, संसारी माणसं त्यांच्याकडे जात. श्वासाबरोबरचं सोहम् साधन घेऊन ती आपापल्या नोकरीवर, शेतावर परत जात. मोठ्या संख्येचा मोह आला की मला ते घर आठवतं.

पण मला खरा आधार मिळाला तो ग्रंथांत नव्हे, गाऱ्हाण्यात. गाऱ्हाणं आम्हा कोकण्यांना आईच्या दुधासारखं मिळतं, म्हणून कदाचित त्याचा विचार करावासा वाटत नाही. नारळ ठेवला जातो, गुरव देवापुढे उभा राहतो आणि मोठ्यानं सांगायला लागतो: ह्या लेकराला पोरबाळ नाही, ते दे, त्याची नोकरी अडली आहे, ती लाव, मुंबईला गेलेल्याला सुखरूप ठेव, कुणी वाईट चिंतलं असेल तर त्याची बुद्धी फिरव. प्रत्येक वाक्यावर जमलेली माणसं म्हणतात, होय महाराजा. निष्काम भक्तीच्या पुस्तकात हे बसत नाही, ही सगळी मागणीच आहे. तरी ते हिणकस वाटत नाही. आमच्या शेजारी डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे, श्री विठ्ठलराव जोशी चॅरिटीज ट्रस्टनं उभं केलेलं. तिथं आत पेशंट असतो आणि बाहेरच्या बाकावर बसलेली आई पुटपुटत असते. तिला कुणी वासना सोड म्हणून सांगेल? तिचं ते मागणं कुठल्याही जपापेक्षा कमी नाही.

गाऱ्हाण्याची एक अट मला हळूहळू दिसायला लागली. ते मोठ्यानं घालावं लागतं, आणि चार माणसांनी त्याला होकार द्यावा लागतो. मूल दे म्हटलं की सगळे होय म्हणतात. पीक येऊ दे, दुखणं जाऊ दे, यालाही होय. पण भावाच्या हिश्श्यातली पट्टी माझ्या नावावर होऊ दे, असं कुणी आजवर गाऱ्हाण्यात सांगितलेलं मी ऐकलं नाही. पहिल्या खांद्याचा मान शेजारच्या वाडीकडून काढून मला दे, असंही नाही. या इच्छा खऱ्या असतात, तेल घालून जपलेल्या असतात, पण त्या गुरवाच्या तोंडून निघू शकत नाहीत, कारण त्यांच्यावर होय महाराजा म्हणायला कुणी मिळणार नाही. तेव्हापासून मी इच्छा बरी की वाईट हे शास्त्रात शोधत बसत नाही. ही गाऱ्हाण्यात घालता येईल का, एवढंच विचारतो. जी घालता येते ती मी खुशाल देवाकडे मागतो आणि तिची लाज धरत नाही. जी घालता येत नाही ती घेऊन कितीतरी रात्री जागून काढल्या आहेत. तुकोबांच्या गाथेत तर हे पानोपानी आहे. मन आवरत नाही, ऐकत नाही, हे ते देवाला बजावून सांगतात, त्याच्याशी भांडतात. चारशे वर्षं लाखो माणसं ती कैफियत टाळावर म्हणत आली आहेत. तेही गाऱ्हाणंच, फक्त त्यांनी गुरवाची वाट पाहिली नाही.

यंदा शिमग्यात पालखी आमच्या खळ्यात आली. खळं सामायिक, त्यामुळे चुलतभाऊही शेजारी उभा होता. गुरवानं नेहमीप्रमाणे विचारलं, काय सांगायचं देवाला? मी म्हटलं, सांगा की रस्त्याकडेच्या पट्टीवर माझं मन जातं, ती माझी नाही हे मला ठाऊक आहे, तरी जातं. ते मन आवर. गुरव क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं आवाज चढवला आणि शब्द न गाळता ते तसंच्या तसं देवापुढे घातलं. माणसांनी थोडं थांबून होकार भरला. भावाचा आवाज त्यात होता की नाही, ढोलामुळे कळलं नाही.

मन आवरलं का, तर अजून नाही. त्या पट्टीवरून जाताना पाऊल अजून रेंगाळतं. पण पालखी सहाणेवर गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी चुलतभाऊ आमच्याकडे चहाला आला, पुष्कळ दिवसांनी. कप खाली ठेवत म्हणाला, “दादा, मोजणीचा अर्ज दोघांच्या सहीनं घालूया. मुंबईच्या काकांना मी फोन करतो, आत्यांना तू कर.” आत्यांचा नंबर माझ्याकडे नव्हता. हिनं तिच्या वहीतून तो काढून दिला.