परीक्षेचे नाव

मुख्याध्यापकाच्या मेजावर देशोदेशींचे दाखले येतात. माझ्या शाळेत बालाघाट-छिंदवाड्याकडची मुले नेहमीच येत. परंतु एका वर्षी नेपाळातून आलेला एक मुलगा अकरावीच्या प्रवेशासाठी माझ्यासमोर उभा राहिला. त्याचे वडील नागपुरात रखवालदारीस होते. त्याच्या दाखल्यावर 'एस.एल.सी.' अशी अक्षरे होती. आमचे लेखनिक म्हणाले, "सर, आपल्याकडे या नावाची परीक्षाच नाही!" मुलाचा चेहरा उतरला. हळूच त्याने विचारले, "म्हणजे मी पुन्हा दहावी करायची का?"

एका नावापायी मुलाचे एक वर्ष वाया जावे, हे मला रुचेना. मी दाखला नीट वाचला. ती परीक्षा दहा वर्षांच्या शिक्षणानंतरची होती आणि तीत भाषा, गणित, विज्ञान हे आपलेच विषय होते. नेपाळात त्या परीक्षेला लोक 'लोखंडी दरवाजा' म्हणत, इतकी ती कठीण मानली जाई. मी शिक्षण मंडळाकडे विचारणा केली आणि उत्तर येईपर्यंत मुलाला वर्गात बसू दिले. पुढे त्याचा प्रवेश मान्य झाला.

मुलांनो, शेजारी देशांच्या परीक्षा अशाच निरनिराळ्या आहेत. पाकिस्तान आणि बांगलादेश येथे आपल्याप्रमाणेच दहावी व बारावीस मोठी परीक्षा असते. श्रीलंकेत मात्र ती अकराव्या व तेराव्या वर्षी येते. गंमत अशी, की एके काळी काठमांडूचे विद्यार्थी प्रवेशपरीक्षेसाठी कलकत्त्यास जात, आणि नागपुरात 1883 साली निघालेले हिस्लॉप महाविद्यालयही आरंभी कलकत्ता विद्यापीठाशीच जोडलेले होते. पुढे ते अलाहाबादशी जोडले गेले आणि 1923 साली नागपूरला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. म्हणजे आज दोन देशांत विभागलेल्या या परीक्षांचे मूळ कधी काळी एकच होते!

उलट, एकाच घरातही परीक्षा बदलते. माझे थोरले बंधू अकरावीच्या अखेरीस शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाले. 1975 साली महाराष्ट्रात दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली, तिला मी बसलो. नाव तेच राहिले. वर्ष मात्र एकाने घटले. तेव्हा केवळ नावावरून कोणाच्या विद्येचे माप कसे घ्यावे?

नियम हवेतच. त्यांच्यावाचून प्रवेशाचा न्याय करता येणार नाही. परंतु दाखला वाचताना किती वर्षे शिकला, काय शिकला, हे आधी पाहावे.

उद्या तुमच्या वर्गात दूरच्या प्रांताचा एखादा सोबती येईल. त्याचे पुस्तक वेगळे असेल, उच्चार वेगळे असतील. त्याला हसू नका. आपल्या बाकावर त्याला जागा द्या आणि त्याचे पुस्तक मागून घ्या. त्यातील एखादे गणित तुम्हांला अजून येत नसेल. तो ते आनंदाने समजावून सांगेल.