पेजेकाठी वैशाखात

पाण्याजवळ बसलं की मन शांत होतं, यावर कुणाचं दुमत नसतं. कारण विचारा, तर थंडावा, हिरवळ, झुळझुळ अशी उत्तरं तयार असतात. पण थंडावा पंख्याखालीही मिळतो आणि तिथे डोक्यातली उजळणी काही थांबत नाही.

कर्जत तालुक्यातल्या पेज नदीकाठी मला वेगळं कारण सापडलं. वैशाखात आजूबाजूचे ओहोळ ठणठणीत कोरडे पडतात, डोंगर करपतात, पेज मात्र वाहत असते. हे पाणी घाटावरचं. मावळात आंध्रा नदीवर ठोकळवाडीचं धरण आहे. तिथलं पाणी बोगद्यातून आणि नळांतून भिवपुरीच्या टाटांच्या वीजगृहात उतरतं, चक्रं फिरवतं आणि पेजेला मिळतं. हे वीजगृह १९२२ सालचं. एरवी हे पाणी इंद्रायणी, भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागराला गेलं असतं. आता उल्हास नदीतून ते अरबी समुद्राला जातं.

वीजगृह चालू झालं, की काठावर आधी कळतं ते कातळावरून. मघाशी उन्हात कोरडा असलेला दगड कडेने काळा होत जातो, खाचेतली वाळकी पानं तरंगायला लागतात. धुणं धुणाऱ्या बाया ‘पाणी सुटलं’ म्हणत पिळे उचलून एक दगड वर सरकतात. गप्पा तुटत नाहीत.

हे सगळं माझ्यासाठी चाललेलं नसतं, आणि तिथेच मला हलकं वाटतं. घर, कचेरी, खिशातला फोन, प्रत्येकाला माझ्याकडून काहीतरी हवं असतं: उत्तर, मत, पैसे. नदीला काही नको असतं. मी आलो काय, गेलो काय, तिला फरक पडत नाही. मनाची निम्मी तगमग ‘मी’भोवती फिरत असते, तासभर का होईना, त्या ‘मी’ला कुणी विचारत नाही.

पण हीच बेफिकिरी दुसऱ्या टोकाला जीवघेणी ठरते. शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पोटाशी इर्शाळवाडी होती, ठाकरांची वस्ती. १९ जुलै २०२३च्या रात्री, धो धो पावसात डोंगर घसरला आणि झोपलेली घरं गाडली गेली. त्या पावसाचाही कुणावर राग नव्हता. निसर्गाला ‘आई’ म्हणून मोकळं होणं मला तेव्हापासून जमत नाही.

तरीही मी पेजेवर जातो. तिनं माझं सांत्वन करावं अशी अपेक्षा ठेवत नाही, म्हणून निराशही होत नाही. आषाढात ती गढूळ होऊन फुगली, की काठावर बसायचं नाही, पुलावरून बघायचं आणि घरी यायचं. धाक ठेवून जवळ जाणाऱ्यालाच पाण्याची शांतता मानवते.