जोगवा मागणारा कवी

पहिला कवितासंग्रह म्हणजे कवीने परक्या दारी उभे राहून घातलेली पहिली साद होय. आणि तो कवी पोटासाठी गाव सोडून गेलेला असेल, तर त्या सादेत आणखी एक आर्तता मिसळते. कारण मागचे घर सुटलेले असते आणि पुढचे दार अजून उघडलेले नसते. आरती प्रभू यांच्या ‘जोगवा’ या पहिल्या संग्रहाचे नावच या दृष्टीने आम्हांस फार अर्थपूर्ण वाटत आले आहे.

आरती प्रभू म्हणजे चिंतामण त्र्यंबक खानोलकर. त्यांचा जन्म १९३० साली वेंगुर्ले तालुक्यातील बागलांची राई येथे झाला. कुडाळात घरची खाणावळ होती. तिचा व्याप सांभाळता सांभाळता त्यांनी कविता लिहिली. १९५४ साली ‘सत्यकथे’त त्यांची कविता आली आणि या अनोळखी नावाकडे रसिकांचे लक्ष वेधले गेले. पुढे १९५९ साली ‘जोगवा’ प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी कवी चरितार्थासाठी मुंबईस गेला. ज्या वर्षी कवितेला घर मिळाले, त्याच वर्षी कवीचे घर सुटले!

आमचे तुये गाव पेडणे महालात आहे, आणि खानोलकरांची जन्मभूमी तेरेखोल नदीच्या पलीकडे, फार दूर नाही. १७८८ पर्यंत हा महाल सावंतवाडीकरांच्याच अमलाखाली होता. पुढे राज्ये बदलली, तरी सोयरिकी, कुलदैवते आणि दशावतारी खेळ नदी ओलांडून येत-जात राहिले. ‘जोगवा’ निघाला तेव्हा मात्र पेडण्यावर पोर्तुगीज सत्ता होती, १९५५ पासूनच्या नाकेबंदीने सीमेवरील ये-जा जिकिरीची झाली होती, आणि गोवा मुक्त व्हायला १९६१ चा डिसेंबर उजाडावा लागला. शेजारच्या कवीचे पहिले पुस्तक आणि आम्ही यांच्यामध्ये अशी एक सरहद्द उभी होती.

गेल्या श्रावणात आम्ही काही स्नेही दर सोमवारी एकत्र बसून हा संग्रह वाचीत होतो. दुःख, मृत्यू, संधिप्रकाश आणि आपल्या कोकणच्या मातीतले गूढ यांनी ती कविता भारलेली आहे. एका वयोवृद्ध गृहस्थांनी शीर्षकाचा उलगडा केला. ते म्हणाले, “देवीच्या नावाने जोगवा मागायचा तो निदान पाच घरी. मागणाऱ्याने ‘मी’पण टाकायचे, आणि देणाऱ्याने मागणाऱ्याचे कूळ विचारायचे नाही. विचारले, की तो जोगवा राहिला नाही, व्यवहार झाला.”

हे वाक्य पुढे लवकरच कसोटीस लागले. आमच्या शेजारी भाड्याच्या खोलीत राहणारा एक तरुण गावातील औद्योगिक वसाहतीत कामाला जातो. तो खानापूरकडचा. पाळी संपवून आल्यावर तो कविता लिहितो, हे आम्हांस त्या वाचनामुळेच कळले. एका सोमवारी तो वही घेऊन येऊन बसला. उत्सवातल्या कवितावाचनात त्याने वाचावे, असे आम्ही सुचविले. तेव्हा आमच्यातीलच एक म्हणाले, “तो ना गावकर, ना महाजन. आज आहे, उद्या नाही. देवळाच्या मंडपात त्याला कशाला?” क्षणभर सारे गप्प राहिले. मग तेच वृद्ध गृहस्थ शांतपणे म्हणाले, “माझा नातू मुंबईला आहे. तिथे तो कुठला गावकर?”

आम्हांस वाटते, या प्रश्नाचे उत्तर आपल्या देवळांच्या इतिहासातच आहे. १५६० च्या सुमारास कुशस्थळीचा मंगेश रात्रीच्या रात्री नदीपार होऊन प्रियोळास आला. दिवाडीच्या सप्तकोटेश्वराला डिचोली महालातील नार्व्याने आसरा दिला, आणि तेथील देवालयाचा जीर्णोद्धार १६६८ साली शिवछत्रपतींनी केला. ज्यांची दैवते परागंदा होऊन परक्या गावी विसावली, त्यांच्या पूर्वजांनाही कोणीतरी अंगण दिलेच होते. ते अंगण देणाऱ्याने ‘तुम्ही कुठले?’ एवढ्यावरच दार लावून घेतले असते, तर आज आपण कोणत्या पायऱ्या चढलो असतो?

खानोलकर १९७६ साली गेले. ‘नक्षत्रांचे देणे’ या संग्रहास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो त्यांच्या पश्चात, १९७८ साली. मान्यता पुष्कळदा अशी उशिरा येते. पहिल्या संग्रहाला तिची गरज नसते. त्याला हवा असतो एक ऐकणारा. आपली मुले मुंबईला, आखातात, पोर्तुगालला गेली आहेत, आणि दुसऱ्यांची मुले आपल्या गावी आली आहेत. तिकडे आपल्या मुलांचे कोणी ऐकावे असे आपणांस वाटते. तर इकडे दुसऱ्यांच्या मुलांचे ऐकणे हा आपला धर्मच ठरतो.

त्या तरुणाचे नाव यंदा वाचनाच्या यादीत आहे. त्याची कविता पक्की आहे की कच्ची, हे काळ ठरवील. सुपातले मूठभर धान्य घेऊन दाराशी यायचे, एवढेच आपल्या हाती.