आयोवा व्हाया कडा

खरं सांगू? कॉलेजच्या पहिल्या दिवसापासून 'तुझं गाव कोणतं गं?' या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं असायचं. 'नगरकडचे आम्ही.' तसं ते अगदीच खोटं नाही. आमचं कडा नगरपासून (आता कागदोपत्री अहिल्यानगर) पन्नासेक किलोमीटरवर आहे. पण तालुका आष्टी आणि जिल्हा बीड! आणि 'बीड' म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर जे 'अरे बापरे' उमटतं ना, ते टाळायला मी अख्खा जिल्हाच गाळून टाकायचे.

मग दादाचं आयोवाचं निघालं. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, हिंजवडीतला आयटीवाला. कंपनीने त्याला डी मॉइनला पाठवायचं ठरवलं आणि त्याने मला कामाला लावलं. ''तू पत्रकार ना? मग दोन पानांत आयोवा समजावून दे.'' दिलं बाबा! अमेरिकेतलं मधलं राज्य. न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियाला जाणारे विमानातून ज्याला नुसतं ओलांडून जातात, त्यातलं. मका पिकवण्यात देशात पहिलं. डुकरं इतकी की माणशी सात तरी पडावीत. दर ऑगस्टला राज्याची मोठी जत्रा भरते, तिथे 1911 पासून लोण्याची अख्खी गाय बनवून ठेवतात. लोकवस्ती जेमतेम 32 लाख. हे वाचलं आणि सहज म्हणून बीड जिल्ह्याचा आकडा काढला. 2011 च्या जनगणनेत जवळपास 26 लाख. क्षेत्रफळात मात्र आयोवा आपल्या बीडच्या तेरा-चौदा पट!

तेव्हा फोन स्पीकरवर होता आणि पलीकडे काका होते, दादाचे वडील. कड्यातच राहतात, शेती बघतात.

''काय पिकतंय तिथं?''

''मका, सोयाबीन.''

''आन् जनावरं?''

''आहेत की. दूधसुद्धा आहे.''

''मंग कड्यालाच चाललाय की पोरगं!''

आम्ही हसलो. पण रात्री झोप येईना. सातासमुद्रापलीकडच्या राज्याची दोन पानं मी तासाभरात लिहिली. कड्याबद्दल कुणी दोन पानं मागितली असती तर? शेवटची गेले होते ते आजीच्या वर्षश्राद्धाला, तेही गाडीने, सकाळी जाऊन संध्याकाळी परत.

म्हणून जानेवारीतला एक वीकेंड काढला. पुण्याहून नगरपर्यंत एसटी आणि पुढे रेल्वे. हो, रेल्वे! नगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग मंजूर झाला 1995 साली. आजोबा दरवर्षी 'पुढच्या साली गाडी येतीया' म्हणायचे आणि तसंच म्हणत गेले. सप्टेंबर 2022 मध्ये गाडी आष्टीपर्यंत आली आणि 17 सप्टेंबर 2025 ला बीडला पोचली. मध्ये सोलापूरवाडी, धानोरा आणि मग आमचं कडा. खिडकीतून बघत होते. माळ, मग हिरवा पट्टा, परत माळ. कांद्याची लागण चालू होती. ओळीने वाकलेल्या बायका आणि बांधावर रोपांच्या जुड्या.

17 सप्टेंबर ही तारीख मराठवाड्यात साधी नाही. देश 1947 ला स्वतंत्र झाला, पण हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तो सुटला 17 सप्टेंबर 1948 ला. पलीकडचं नगर ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात. म्हणजे आमचं गाव राज्याच्या अगदी कडेला. नावाचा आणि या कडेचा संबंध आहे असा माझा दावा नाही हं! पण माझं 'नगरकडचे आम्ही' कुठून येतं ते मात्र कळलं. इथला माणूस बाजाराला, दवाखान्याला, कॉलेजला आजही आधी नगरकडे बघतो आणि मतदान मात्र बीडला करतो.

कडा हे खेडं नाही, बाजारपेठ आहे. कांद्याचे लिलाव, दूध संकलन, आडती, कापडाची दुकानं. जैन व्यापारी घराण्यांनी इथे श्री अमोलक जैन विद्या प्रसारक मंडळ चालवलंय. नाव अमोलक ऋषीजींचं. त्यांनी 32 जैन आगमांचं हिंदी भाषांतर केलं होतं. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची पोरं सायकलने, मिळेल त्या गाडीने इथल्या कॉलेजात येतात. माझे बाबा त्यातलेच एक.

आणि पळणारी पोरं! याच तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. शेतकऱ्याचा मुलगा, मग लष्करात, मग 2023 च्या हांगझोऊ एशियाडमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसचं सोनं. सकाळी स्टेशनच्या रस्त्याला चार पोरं पळताना दिसली. काका म्हणाले, ''भरतीची तयारी.'' इथे पळणं म्हणजे फिटनेस नाही, नोकरी.

खायचं काय? अहो, जानेवारी म्हणजे हुरडा! शेतात आगटी पेटवायची, ज्वारीची कोवळी कणसं निखाऱ्यात भाजायची आणि तळहातावर चोळून गरमागरम दाणे तोंडात. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. पुण्याजवळ याच गोष्टीचे पॅकेज दर लावून पैसे घेतात, इथे काकूने 'एवढंच खाल्लं?' म्हणून रागावून घेतलं. रात्री हुलग्याचे शेंगोळे. माझ्या फूड ब्लॉगर मैत्रिणींनो, हे एकदा खा आणि मग पास्त्याबद्दल बोला.

पण गावात फिरताना एक गोष्ट खटकत राहिली. वस्तीवरच्या कित्येक दारांना कुलपं. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं. दिवाळीच्या आसपास मुकादमाकडून उचल घ्यायची आणि नवरा-बायकोने मिळून 'एक कोयता' म्हणून पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटकात जायचं. उचल फिटेपर्यंत सुटका नाही. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. मी कॅमेरा काढला आणि परत ठेवला. कुलपाचा फोटो फार छान आला असता, म्हणूनच.

दुसऱ्या दिवशी काकांनी खालचं रान दाखवलं. सप्टेंबर 2025 च्या मध्यात आष्टी तालुक्यात असा पाऊस झाला की अडकलेल्या माणसांना काढायला हेलिकॉप्टर आणावं लागलं. ज्या तालुक्यात 2019 साली जनावरं चारा छावणीत होती, तिथे! टीव्हीवर ते दिसत होतं तेव्हा मी पुण्यात कुणाच्या तरी कॅफेचा रिव्ह्यू लिहीत होते. काकांना फोन केला तो चौथ्या दिवशी. ते म्हणाले होते, ''आमी बरे हाओत.'' रानाबद्दल अवाक्षर नाही.

आता बघितलं. ओढ्याकाठची दोन एकर. माती नाहीच. नुसते दगडगोटे आणि खाली मुरूम. पाण्याने जमीन खरडून नेली होती. याच तुकड्यावर बाबांच्या शिक्षणाचा कांदा पिकला होता.

''मग आता?''

''उन्हाळ्यात तळं आटलं की गाळ आणायचा. शे-दोनशे खेपा लागतील.''

''आणि पैसे?''

काका ओढ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ''एक जण आलता. प्लॉटिंगला मागतोय. रेल्वे आली ना आता.''

रात्री आठला दादाचा व्हिडिओ कॉल, तिकडे सकाळ. विषय तोच. ''अण्णा, देऊन टाका. दगडात कशाला पैसे घालताय?'' काका गप्प. दादा वाईट नाही हो. गाळाच्या खेपांचा हिशोब त्याने आमच्याआधी एक्सेलमध्ये मांडला होता. आणि मला तरी काय हक्क होता बोलायचा? मी तर जिल्हासुद्धा सांगत नव्हते.

शांतता मोडायला मी आयोवाचं काढलं. 10 ऑगस्ट 2020 ला तिथे सुसाट वादळ आलं आणि लाखो एकरांतला उभा मका झोपला. तिथे एकेक शेत सरासरी साडेतीनशे एकरांच्या आसपास.

''एकट्याचं?'' काकू.

''मंग काय केलं त्यांनी?'' काका.

''पुढच्या वर्षी परत पेरलं. विमा असतो त्यांना.''

''आपल्यालाबी हाय की. कागदावर.''

मग काका दादाला म्हणाले, ''तिथली माती दाखव बरं.'' दादाने फोन खिडकीकडे फिरवला. सगळं पांढरंफटक. रस्त्यापलीकडे शेत असावं, कुंपणाचे खांब तेवढे दिसत होते.

''माती कुठंय?''

''बर्फाखाली अण्णा. आता मार्च-एप्रिलपर्यंत काही होत नाही इथे.''

काकांनी चष्मा वर केला, स्क्रीन डोळ्यांजवळ नेली.

''म्हंजी त्यांचंबी रान आत्ता पडीकच हाय,'' ते म्हणाले, आणि काकूला चहा टाकायला सांगितला.