हिस्सा ३/२

शहापूर-मुरबाडकडच्या ज्या घराला थोडी भातजमीन आणि डोंगरउताराचा वरकस तुकडा आहे, त्या घरच्या पेटीत दागिन्यांच्याही वर सातबाऱ्याचा उतारा ठेवलेला असतो. जमीन कोणाची हे गाव नमुना ७ ने सांगावे आणि तीत काय पिकले हे नमुना १२ ने, अशी जी नेमस्त वाटणी महसूल खात्याने रकान्यारकान्यांतून केली, तिच्यातच संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्या मला संरचित माहितीचा पहिला पाठ मिळाला.

गतवर्षी भाऊबंदांचे सारे उतारे मी संगणकावरच्या तक्त्यात उतरवले, आणि दुसऱ्या दिवशी पाहतो तो हिस्सा क्रमांक ३/२ ची ३ फेब्रुवारी झालेली. ज्या हिश्श्यासाठी आजोबांनी कचेरीच्या पायऱ्यांवर कित्येक उन्हाळे काढले, तो असा तारखेत विरून गेलेला पाहून मन विषण्ण झाले. मग पायथन भाषेत आज्ञावली लिहून तीच माहिती जेसनच्या ठेवणीत मांडली. तेथे अवतरणचिन्हांत ठेवलेल्या मजकुराचा अर्थ यंत्र आपल्या मनाने लावीत नाही. क्षेत्राचा आकडा ०.४०.५० असा, म्हणजे ४० आर आणि ५० चौरस मीटर; दोन टिंबांची ही संख्या कोणत्याही दशांशात बसत नाही, म्हणून हेक्टर, आर आणि चौरस मीटर वेगवेगळे करून मी ४०५० चौरस मीटर ही एकच पूर्ण संख्या ठेवली. पोटखराब्याच्या, म्हणजे लागवडीस अयोग्य जमिनीच्या, रकान्याने मात्र मला फार वेळ थांबवले. तेथे शून्य असेल तर खराबा नाही असे कोणीतरी पाहून लिहिले आहे. रकाना कोराच असेल तर कोणी काही लिहिलेलेच नाही. या दोहोंना एक मानणे हे दप्तराशी असत्य बोलणे होय, आणि म्हणून कोऱ्या जागेसाठी जेसनमध्ये जो निराळा शब्द आहे, तोच मी तेथे योजला.

काका शेजारी बसून पाहत होते. लिहिलेली फाइल उघडली, तेव्हा 'वरकस' या शब्दाच्या जागी ०९३५, ०९३०, ०९१५, ०९३८ असे अक्षरांचे संकेतांक उमटलेले दिसले.

"अरे, आपलं वरकस गेलं की काय?"

"गेलं नाही काका, अक्षरं आकड्यांत लिहिली आहेत. थांबा, परत वाचायला लावतो."

आज्ञावली चालवली. काकांनी चष्मा पुसला, पेटीतला उतारा मांडीवर पसरला, आणि एकेका रकान्यावर बोट ठेवीत पडद्याशी ताडून पाहू लागले.