मुक्या जिवाचें दुखणें

ज्या घराचा उंबरा चार पिढ्यांत मासळीनें कधीं ओलांडला नाहीं, त्या आमच्या कुंभार पिंपळगावच्या घरांत गेल्या वर्षीं दिवाळीला दोन मासे आले. धाकट्या नातवानें हट्ट धरला आणि चिरंजिवांनीं जालन्याहून साठ लिटरची कांचेची पेटी, फिल्टर व दोन तांबूस गोल्डफिश आणून ओसरीवर मांडले. आमच्या मातोश्रींनीं पहिले दोन दिवस पेटीकडे पाठ करून जप केला. तिसऱ्या दिवशीं ‘मत्स्यावतारच तो’ असें म्हणून त्या स्वतःच तिच्यासमोर पाट मांडून बसूं लागल्या.

पुढें रामनवमीला जांबेस, समर्थांच्या जन्मस्थानीं, दर्शनास जाणारे पाहुणे आमच्याकडे उतरावयाचे होते. सारें घर झाडून पुसून झालें, तशी पेटीहि स्वच्छ व्हावी असें आमच्या मनानें घेतलें. आम्हीं बाह्या सावरून सगळें पाणी ओतून टाकलें, खडे घासले, फिल्टरमधला काळपट स्पंज नळाखालीं स्वच्छ होईपर्यंत पिळला आणि नळाचेंच पाणी पेटींत भरलें. पेटी आरशासारखी लखलखूं लागली. पाहुण्यांनीं वाखाणणी केली; ती आम्हीं संकोच न करितां स्वीकारली.

पांचव्या दिवशीं एक मासा पर मिटून तळाच्या कोपऱ्यांत बसला. दाणे टाकले तरी हलेना. एकत्र कुटुंबांत वैद्यांना काय तोटा! कोणी म्हणालें दृष्ट लागली, कोणी म्हणालें उन्हाळा बाधला, कोणी निळें औषध ओतण्याचा सल्ला दिला. आमचें निदान मात्र ठरलेलें होतें. नातवाच्या हातांत खाद्याची डबी आम्हीं दोनदां पाहिली होती. “तुझ्या फाजील लाडानेंच त्याचें पोट बिघडलें,” असें आम्ही सर्वांदेखत बोललों आणि डबी कपाटांत कुलूपबंद केली. मुलगा कांहीं बोलला नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मासा उलटा तरंगत होता. मुलानें तो परसांत जास्वंदीखालीं पुरला. त्या रात्रीं तो जेवला नाहीं, आणि पेटीकडेहि पुन्हां फिरकला नाहीं.

दोन दिवसांनीं दुसराहि मासा तसाच मंदावला, तेव्हां आमच्या पांडित्याला तडा गेला. डबी तर कुलुपांत होती. मग याला अपचन कशाचें? आम्ही विचारांत पडलेले पाहून मातोश्री म्हणाल्या, “अरे, पहिला मासा जाण्याच्या आधींपासून पहाटे दोघेहि वर येऊन हापापल्यासारखीं तोंडें उघडतात. मी रोज पाहतें. मला कोणी विचारलेंच नाहीं.”

मग आम्ही क्रमानें पाहूं लागलों. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके नव्हते. कापसासारखी बुरशी नव्हती. पोट फुगून खवले उभे राहिले नव्हते. म्हणजे नेहमीच्या रोगांपैकीं एकहि उघड दिसत नव्हता. दोघेहि एकाच सुमारास आजारी पडले, त्या अर्थीं दोष एका माशाच्या अंगांत नसून दोघांच्या पाण्यांत असावा. आणि पाण्यांत कांहीं घडलें असेल तर तें एकाच दिवशीं, आमच्या हातून. तपासणीची पेटी मागवून नळींत थेंब टाकले, तों पिवळा राहावयाचा रंग गडद हिरवा झाला. तो अमोनिया होता.

त्याचें मर्म असें. माशांच्या कल्ल्यांतून व विष्ठेंतून अमोनिया पाण्यांत येतो. स्पंजावर आणि खड्यांवर वसणारे सूक्ष्म जंतु त्याचें प्रथम नायट्राइट व मग बरेंचसें निरुपद्रवी नायट्रेट बनवितात. या जंतूंना वेगळें काढून १८९० सालीं विनोग्राडस्की यांनीं त्यांचें कार्य सिद्ध केलें. ज्याला आम्हीं मळ समजलों, तीच त्यांची वसाहत होती. नळाच्या पाण्यांतील टीसीएल पावडर माणसाला तारक खरी, पण त्या जंतूंना मारक, आणि माशांच्या कल्ल्यांनाहि बाधक. शिवाय पाण्याचा सामू ७ वरून ८ वर गेला कीं अमोनियाचा विषारी अंश सुमारें दहापट होतो. आमच्या पाण्याचा सामू ८ भरला. त्यांत चैत्राचें ऊन, आणि पाणी जितकें तापेल तितका त्यांत प्राणवायु कमी.

१८५० सालीं लंडनचे रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनीं असाच एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यांच्याहि पात्रांत दोनच गोल्डफिश होते. सोबतच्या पाणवनस्पतीचीं पानें कुजून पाणी नासूं लागलें, तेव्हां त्यांनीं गोगलगायी सोडल्या. त्यांनीं तीं पानें खाल्लीं आणि पाणी निवळलें. त्यांनीं उपाय माशावर केला नाहीं, पाण्यावर केला.

आम्हींहि तेंच केलें. औषध ओतलें नाहीं. दोन दिवस खाद्य बंद ठेविलें, हवेचा पंप चालू ठेविला, आणि आदल्या रात्रीं बादल्यांत उघडें ठेवून क्लोरीन उडालेलें पाणी घेऊन रोज पेटींतील चौथा हिस्सा बदलला. जंतूंची वसाहत पुन्हां जमावयास महिना-सव्वा महिना लागतो; तोंवर खाद्य चिमूटभर.

परंतु दुसरें एक दुखणें उरलें होतें. रात्रीं पंगतीला सगळे बसले असतां आम्हीं सांगितलें, “मासा याच्या लाडानें गेला नाहीं, आमच्या स्वच्छतेनें गेला. बोल लावला तो चुकीचा होता.” सूनबाई वाढतां वाढतां थांबल्या. चिरंजीव पानाकडे पाहत राहिले. आमच्या वडिलांनीं आम्हांस असें कधीं म्हटल्याचें आम्हांस आठवत नाहीं. नातू थोडा वेळ भात कालवीत बसला, आणि मग म्हणाला, “आजोबा, उद्यां पाणी मी बदलूं?”

आठव्या दिवशीं माशानें पर पसरले. बाराव्या दिवशीं तो दाण्यासाठीं वर झेपावला. डबी आतां नातवाच्या ताब्यांत आहे. स्पंज धुवावयाचा झाला तर तो पेटींतूनच काढलेल्या पाण्यांत, तोहि हलक्या हातानें, धुवावा असा त्यानें घरांत दंडक घातला आहे, आणि आम्ही तो निमूटपणें पाळतों.

वाचकांच्या घरीं अशी पेटी असेल तर एवढेंच सांगूं: मासा मंदावला कीं आधीं पाणी तपासावें, मग मासा तपासावा, रोज पेटीसमोर बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला विचारावें, आणि मुलाला बोल लावण्याची घाई मुळींच करूं नये.